अर्धवट ठेवलेलं पत्र

जागृतीताईंना काळी पाटी चालवता येते, हे तळोद्यापासून वर डोंगरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

काळी पाटी म्हणजे आश्रमशाळेच्या ऑफिसातला जुना संगणक. सहा वर्षांपूर्वी जागृती तिथं क्लार्क म्हणून आली, तेव्हा ईमेलचं पान उघडेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचे. छपरावरच्या काठीला बांधलेल्या डोंगलला रेंज ती किती असणार? मग तिनं एका ओळखीच्या इंजिनियरला फोनवर विचारून विचारून मट नावाचा ईमेलचा प्रोग्राम बसवला. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही, नुसती काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. सेटिंगची फाइल तिनं स्वतः ओळ न ओळ लिहिली. पत्रं भराभर यायला लागली.

एकदा मुख्याध्यापक चुडामण सरांना हौस आली. त्यांनी डी दाबलं, दाबतच राहिले, आणि शिष्यवृत्तीची तीस पत्रं पुसून बसले. त्याच दिवशी जागृतीनं फाइलीत बसून बटणांची कामं फिरवून टाकली. कुठल्या बटणानं काय पुसलं जातं, काय उघडतं, ते फक्त तिच्या डोक्यात. तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. कसलं कौतुक घेऊन बसलात? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईनं.

कारण तिची यामिनी खाली शहाद्याला, नणंदेकडे, रंजनाबाईंकडे वाढत होती. नवरा सुरतेला कंपनीत. आश्रमशाळा सोडली तर वर डोंगरात धड शाळा नाही म्हणून पोरीला सहा वर्षांची असताना ठेवलं, ती आता बारा वर्षांची झाली. दर रविवारी फोनवर एकच विचारायची, कधी येणार ते, "मम्मी, तू कवय येशी?" जागृती म्हणायची, "येसू." हे येसू म्हणता म्हणता तिलाच त्याची लाज वाटायला लागली होती.

बदलीचा अर्ज तिनं तीनदा केला. तिन्ही वेळा सरांनी संस्थेला कळवलं, "सदर काम दुसऱ्या कोणासही येत नाही, सबब यांना सोडता येत नाही." आणि हे टाइप करून पाठवायचं कोणी? तिनंच. दुसऱ्या कोणाला येत नव्हतं ना.

यंदा संस्थेचं पत्र वेगळं आलं. शहाद्याच्या शाळेत जागा रिकामी आहे, हरकत असेल तर तीस तारखेपर्यंत कळवा, न कळवल्यास हरकत नाही असं समजू. सरांनी खुर्चीत रेलून तीच जुनी ओळ सांगितली. जागृतीनं टाइप केली. पाठवायला वाय दाबायचं होतं. तिनं पी दाबलं. पी म्हणजे पत्र अर्धवट ठेव, नंतर बघू.

"गेलं का?" सरांनी विचारलं.

"गेलं, सर."

सहा वर्षांतलं पहिलं खोटं. पण मटची एक खोड आहे. पत्र अर्धवट ठेवलं की नवीन पत्र लिहायला घेताना दर वेळी तो विचारतो, ते जुनं पुढं लिहायचं का? दिवसातून दहा वेळा तो विचारायचा आणि ती दहा वेळा नाही म्हणायची. पुसून का टाकलं नाही? भीती, दुसरं काय. सरांनी पाहिलंच तर 'नेट गेलं होतं, पडून राहिलं' असं म्हणता यावं.

तीस तारखेला तिनं रजा काढली. शहाद्यात खोली बघायची होती. सर म्हणाले, रजा घ्या, पण मुलांची हजेरी चारला गेली पाहिजे. मग तिनं स्वयंपाकीण रमिलाबाईंना शिकवलं. बाई सातवी शिकलेल्या, सावकाश वाचायच्या, पण एकदा सांगितलं की विसरायच्या नाहीत. हजेरीचं पत्रही तिनं लिहून अर्धवट ठेवलं. "एम दाबायचं, हजेरी निवडायची, आकडा भरायचा. मग पाटी काहीही विचारो, वायच दाबायचं."

खोली स्टँडमागे होती, लहान पण उजेडाची. यामिनी पावलांनी भिंत मोजत होती. साडेचारला फोन वाजला.

"ताई, हजेरी गेली," रमिलाबाई म्हणाल्या. "खरंच गेली का बघायला परत एम दाबलं, तर पाटीनं परत विचारलं. तुम्ही सांगितलं तसं वाय दाबत गेले. तुमचं एक जुनं पत्र पडलेलं होतं. तेही गेलं."

जागृती तिथंच फरशीवर बसली. हे काम दुसऱ्या कोणाला येत नाही असं लिहिलेलं पत्र रमिलाबाईंनी पाठवलं होतं, तेही मुदतीच्या आत. संस्थेला हे सांगायचं तर आधी सरांशी बोललेलं खोटं सांगावं लागणार. आणि रमिलाबाईंवर तरी रागवायचं कशाला?

"ताई, मला येतं की आता," पलीकडून आवाज आला. "चुकलं नाही ना काही?"

"नाही. बरं केलंत," जागृती म्हणाली आणि फोन ठेवला. साडेपाचची तळोद्याची गाडी गाठायला हवी होती.

"मम्मी," यामिनी खिडकीपाशी उभी राहून खालची जागा दाखवत होती, "तुन्हा पलंग आठे ठेवूत ना?"