गार पान

उन्हं डोक्यावर आली की माझी नणंद, सुमनताई, द्राक्षबागेत जाते आणि एक पान गालाला लावून बघते. नाशिकजवळच्या त्या मुरमाड उतारावर ती वेलींना पाणी देत नाही. ‘मुळांनी खोल जाऊन शोधावं,’ म्हणते. पान गार लागलं, म्हणजे मुळांना पाणी मिळतंय.

तिच्या रेड वाइनला जांभळाचा तुरटपणा आहे, मागून मिरीचा चटका. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर ती घोटाघोटानं खुलते. पण परवा ग्लास ओठांशी नेला आणि मला भीतीच वाटली. आपण चवीनं पितो ती अंधारात चाचपडणाऱ्या मुळांची तहानच की! आणि एक दिवस खाली काहीच लागलं नाही तर?

काल दुपारी ताईनं एक पान गालाला लावलं. मग शेजारच्या वेलीचं लावलं. मग तिच्या पुढच्या वेलीचं.

‘गार आहे ना?’ मी विचारलं.

‘तूच बघ.’

मी गाल टेकवला. पान तापलेलं होतं.

‘गार आहे,’ मी तिच्याकडे न बघता म्हटलं.

संध्याकाळी मटण झालं, बाटलीही उघडली. ग्लास मात्र दोघींपैकी कुणीच उचलला नाही.