कापसाच्या ढिगातली मण्यार

आदिलाबाद जिल्ह्यात कोणते साप आणि सरडे कुठे राहतात, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. तेव्हा हा जिल्हा आंध्र प्रदेशात होता. मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि सुट्टी मिळाली की रानोमाळ हिंडत असे. विद्यार्थी माझ्या मागे मला ‘पामुल मॅडम’ म्हणत. पामु म्हणजे तेलुगूत साप. नावावरून कुणालाही वाटावं, बाई रोज नाग धरते. खरं तर माझे बहुतेक दिवस काहीच न सापडण्यात जात. सागाच्या जंगलातून, नाल्याकाठानं, कापसाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ठरलेल्या वाटेनं चालायचं, दगड उलटायचा, खाली बघायचं, दगड होता तसा ठेवायचा. साप भेटत ते बरेचदा मेलेलेच. कुणी ट्रकखाली चेपलेला, कुणी काठीनं ठेचलेला.

त्या वर्षी हैदराबादच्या गाईडनी माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण पुन्हा परत पाठवलं. साप कुठे सापडला ते कळतं, पण तो तिथेच का राहतो ते तुम्ही कुठे सांगितलंय, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. पण ते वाचून मला राग आला नाही की रडू आलं नाही. नुसतं आडवं व्हावंसं वाटलं. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत मी महाराष्ट्राच्या हद्दीजवळ, बेला गावाच्या बाजूला, मामाच्या गावी जाऊन राहिले, कारण पैनगंगेकडच्या त्या पट्ट्यातलं काम उरलं होतं.

एका सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसले होते. पायांचे गोळे दुखत होते आणि आज न जायला काय निमित्त काढावं याचा विचार चालला होता. तेवढ्यात पलीकडच्या आळीतला एक शेतकरी आला. काठीला मेलेला साप लटकत होता.

“बाई, तुमच्या कामाचा आणला,” तो म्हणाला.

डोकं पार ठेचलेलं होतं. मी तो पायरीवर आडवा केला. काळं अंग, पांढऱ्या रेघांच्या जोड्या, शेपटीकडे दाट आणि मानेकडे विरळ होत गेलेल्या. असाच दिसणारा कवड्या बिनविषारी असतो, म्हणून मी पाठीवरून बोट फिरवलं. मधल्या रांगेतले खवले मोठे होते, षटकोनी. मण्यार होती.

“कुठं सापडली?” सवयीनं विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायची.

“घरातच. कापसाच्या ढिगापाशी, हातरुणात.”

“हातरुणात कोण होतं?”

“बायको झोपली होती.”

“तिला चावली का?”

“नाई ना. कुठं डाग नाई, सूज नाई. पहाटेपासून पोट दुखते म्हणते, पडून हाय.”

मी कप खाली ठेवला आणि तशीच त्याच्या घराकडे निघाले. मण्यारीचा दात इतका बारीक असतो की झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

ती भिंतीला टेकून बसली होती. पंचविशीची असेल. डोळे अर्धे मिटलेले. मी म्हटलं, “माझ्याकडे बघ.” तिनं मान मागे टाकून पाहिलं, कारण पापण्या उचलल्याच जात नव्हत्या.

“गिळता येते का?”

“नाई येत. तुमी काऊन घाबरून राह्यल्या?” जड जिभेनं तिनं मलाच विचारलं.

वेशीवर आदिलाबादच्या मार्केटला निघालेली कापसाची मेटाडोर उभी होती. मी ड्रायव्हरपुढे हात जोडले. त्यानं काही न विचारता केबिन रिकामी केली. नवरा वर कापसावर चढला, ती आणि मी आत बसलो. निम्म्या वाटेत तिचं बोलणं थांबलं. तिचं डोकं मी खांद्यावर धरून ठेवलं आणि तिच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत राहिले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सूज शोधली, ती कुठेच नव्हती. मी म्हटलं, “डॉक्टरसाब, मनियार है, मैंने खुद देखा.” त्यांनी मान डोलावली आणि पुढचं सगळं भराभर झालं. इंजेक्शनं लावली, घशात नळी घातली. श्वासाचं यंत्र तिथे नव्हतं. नळीला रबरी फुगा जोडून तो हातानं दाबत राहायचं होतं. नवरा, मागून येऊन पोचलेली तिची सासू आणि मी, आम्ही पाळी लावली.

फुगा दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. बोटं आखडत. तिचं शरीर लाकडासारखं पडलेलं, आणि बाहेर मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. माझ्या पाळीत डुलकी लागू नये म्हणून मी तिच्याशी बोलत सुटले. ती शुद्धीवर नाही असंच मी धरून चालले होते. गाईडबद्दल बोलले, दगडांबद्दल बोलले. हे सगळं सोडून द्यावं असं रोज वाटतं, हेही बोलले. आईलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिची पापणी हलली. मग बोटं, मग मान. नळी काढल्यावर तिला पाणी पाजलं आणि सासू कोपऱ्यात बसून मोठ्यानं रडली.

संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले, तर तिनं माझा हात धरला. आवाज घोगरा झाला होता.

“बाई, मले सारं ऐकू येत होतं.”

“सारं?”

“हो. हलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तुमचं ते दगडाचंबी. तुमी लय थकल्या हाय. घरी जाऊन झोपा.”



पुढे ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. घरात कापूस, कापसात सरकी खायला येणारे उंदीर, उंदरांमागे मण्यार आणि तिथेच जमिनीवर अंथरूण टाकलेली माणसं. या वेळी गाईडनी ते ठेवून घेतलं. मला फारसा आनंद झाला नाही. नकाशावर त्या गावापाशी ठिपका काढताना हात मात्र जरा थांबला.

पावसाळ्यात मी त्या गावी पुन्हा गेले. त्यांनी घरात झोपायला बाज आणली होती. तिनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, मण्यार आणखी काय काय खाते ते विचारलं. दुसरे साप खाते म्हटल्यावर तिला हसू आलं. मग तिनं बाजेवर गोधडी टाकली आणि मला पडायला सांगितलं. नाल्याकाठची वाट त्या दिवशी चालायची होती. मी दिवेलागणीपर्यंत झोपले. तिनं उठवलं नाही.