पाणी तयार होईपर्यंत

मावला गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. एकच खोली, दोन मशिनी, कापड बेतायचं टेबल, एक उंच आरसा आणि बायकांना बसायला लाकडी बाक. मराठी बायका मला ताई म्हणतात, तेलुगू बायका अक्का म्हणतात. ब्लाऊज कोणालाच वेळेवर मिळत नाही, त्यामुळे तो बाक सहसा भरलेला असतो.

माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला सगळे सिस्टरच म्हणतात, मीही तेच म्हणते. एकदा तिचे ब्लाऊज द्यायला मी तिच्या क्वार्टरवर गेले. ती आत पैसे आणायला गेली आणि मी कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीपुढे उभी राहिले. आत बोटाच्या पेराएवढे मासे होते. त्यांच्या शेपट्या एखाद्या भारी जॉर्जेटच्या घेरासारख्या हलत होत्या. मी आयुष्यभर कापडाला घेर देत आले, पण असा घेर मला कधी जमला नव्हता. सिस्टर केव्हा येऊन मागे उभी राहिली ते मला कळलं नाही.

"बसा ना ताई," ती म्हणाली. "मीसुद्धा ड्युटीवरून आले की इथंच बसते."

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं की मला दुकानात माशांची टाकी ठेवायची आहे. हे जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. दिवसभर कापसाच्या गाड्या मोजतात, त्यामुळे घरी फार बोलत नाहीत.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"मले आवडले म्हणून."

"आठ दिवसांत मरतेत ते. जिनिंगच्या हापिसात ठेवले होते. समदे मेले."

ते चिडून बोलले नव्हते. त्यांनी पाहिलं होतं तेच सांगितलं. पण तेव्हाच मी मनाशी ठरवलं की माझ्या टाकीतला एकही मरू द्यायचा नाही. लग्नानंतर घरात जे आलं ते गरजेचं म्हणून आलं, नाहीतर मुलांसाठी आलं. नुसतं मला हवं म्हणून आणलेली ही पहिलीच वस्तू होती.

टाकी आणायच्या आधी मी सिस्टरकडे गेले आणि सगळं विचारून घेतलं. तिनं समजावून सांगितलं, की मासे पाण्यात घाण करतात आणि त्या घाणीचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक जंतू पाण्यात आधी वाढावे लागतात. ते वाढायला महिनाभरही लागतो. लोक टाकी आणतात, त्याच दिवशी मासे सोडतात आणि मग मासे मेले की दुकानदाराला नावं ठेवतात.

"म्हणजे महिनाभर नुसतं पाणीच?" मी विचारलं.

"नुसतं पाणीच. जमेल का?"

जमेल, मी म्हणाले.

दोन फुटांची टाकी आली. ती मी उन्हाच्या वाटेतून दूर, भिंतीला लागून भक्कम स्टँडवर ठेवली. तळाला टाकायची बारीक खडी मागच्या नळावर धुतली. पाणी अगदी नितळ निघेपर्यंत धूत राहिले, हात सुरकुतून गेले. नळाचं पाणी बादल्यांत भरून दुसऱ्या दिवसापर्यंत उघडं ठेवलं, म्हणजे त्यातला दवाखान्यासारखा वास उडून जातो. फिल्टर लावला, हवेचे बुडबुडे सुरू झाले. दोन हिरवी रोपं खडीत खोवली. सिस्टरनं तिच्या फिल्टरचा जुना स्पंज पिशवीत घालून आणून दिला. "ह्यात ते जंतू आहेत, विरजणासारखं समजा," असं ती म्हणाली. मी तो धुतला नाही. तशीच ताकीद होती.

मग सुरू झालं लोकांचं विचारणं. बाकावर बसलेली प्रत्येक बाई आधी टाकीकडे बघायची, मग वाकून खडीत बघायची, मग माझ्याकडे.

"चेपलु कुठं आहेत, अक्का?"

"अजून यायचे आहेत."

"काय व ताई, ब्लाऊज बी उद्या आन् मासे बी उद्या?" बोथ गावाकडची एक शेतकरीण म्हणाली आणि सगळा बाक हसला. ती दरवर्षी पोरीबाळींचे कपडे शिवून घ्यायला माझ्याकडेच येते, म्हणून तिला तसं बोलायचा हक्क होता.

"पाणी तयार होऊन राह्यलं," मी म्हटलं.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं पांढरट झालं. हे संध्याकाळी मला न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे; ती नजर मला कळली. मलाही भीती वाटली. फोन केला तर सिस्टर म्हणाली, हात लावू नका, आपोआप निवळेल. माझ्या हातांना असं गप्प बसणं ठाऊक नव्हतं. शिवणीत काही चुकलं की मी लगेच उसवते. इथं उसवायला काहीच नव्हतं. रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट पाण्यात टाकायची, जंतूंना पोसण्यासाठी, आणि मशिनीवर जाऊन बसायचं. काही दिवसांनी पाणी खरोखरच निवळलं आणि मी सिस्टरला फोन करून तिला ड्युटीवर असतानाच सांगितलं.

शेवटी तिनं येऊन पाणी तपासलं, चालेल म्हणाली. आम्ही दोघी बाजारात जाऊन सहा गप्पी मासे घेऊन आलो. दुकानदार दोन डझन घ्या म्हणत होता. पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली, टाकीचं पाणी थोडं थोडं तिच्यात घातलं आणि मग जाळीनं एकेक मासा आत सोडला. त्या दिवशी माझ्या हातून एकही ब्लाऊज पुरा झाला नाही.

आठ दिवस गेले, पावसाळा गेला, आपल्याकडची ती हाडात शिरणारी थंडीही गेली. थंडीत मी टाकीला छोटा हीटर लावला होता. दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलत होते. सहाचे सहा होते, आणि रोपांच्या मुळांशी तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लंही दिसू लागली होती.

मे महिन्यात लग्नसराई ऐन भरात असताना कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. भर दुपारी करंट गेला. पंखा थांबला, बुडबुडे थांबले. बाकावर पाच-सहा बायका होत्या. बोथची ती बाई मुलीच्या लग्नाचे ब्लाऊज न्यायला आली होती, त्यांची हुकं लावायची राहिली होती. थोड्या वेळानं बघते तर सगळे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. मी सिस्टरला फोन लावला.

"मगानं टाकीतलंच पाणी घ्या आणि उंचावरून धार सोडत राहा," ती म्हणाली. "हवा मिसळते. थांबू नका."

मी मग घेतला आणि धार सोडू लागले. हुकं तशीच राहिली. बोथच्या बाईनं थोडा वेळ बघितलं, मग उठून माझ्या हातातून मग घेतला.

"तू हुका लाव. मी पाणी सोडतो."

तिच्यानंतर दुसरी उठली. मग एक म्हाताऱ्या तेलुगू टीचर होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनीही पदर खोचला. मी दाराशी उजेडात बसून हुकं लावत होते आणि मागे पाण्याची धार पडत होती. एकीचा हात दुखला की पाण्याचा मग दुसरीच्या हातात जायचा. गप्पा चालूच होत्या. कोणी घरी गेलं नाही. ऊन उतरल्यावर करंट आला आणि बुडबुडे उठले. मी मासे मोजले. मोठे सहाही होते. लहान मोजता येत नव्हते, पण पोहत होते. बोथच्या बाईचे ब्लाऊजही तयार झाले होते.

ह्यांना ती हकीकत गिऱ्हाइकांकडूनच कळली. पुढच्या रविवारी ते काट्यावरच्या सोबत्याला घेऊन दुकानात आले. मी पडद्याआड माप घेत होते, तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला.

"पाणी तयार करा लागते अगोदर. लोकायले मालूम नसते. आमच्या घरचीनं एक बी मरू देला नाही."

पुढचं माप मला दोनदा घ्यावं लागलं.

महिन्याभरानं टीचरबाईंनी मला घरी बोलावलं. त्यांनाही टाकी ठेवायची होती. सिस्टरचं घर सोडलं तर आजवर मी लोकांच्या दारापर्यंत जायचे आणि पिशवी देऊन परतायचे. त्यांनी मला आत खुर्ची दिली, चहा दिला आणि टाकी कुठं ठेवू ते विचारलं. मी उन्हाची दिशा बघून जागा दाखवली, खडी धुवून दिली, माझ्या फिल्टरचा जुना स्पंज त्यांच्या फिल्टरमध्ये घातला. मासे कधी आणू, म्हणाल्या. मी म्हटलं, मी येऊन पाणी बघेन, मग सांगेन. त्यांनी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली.

तेवढ्यात शेजारची बाई टाकी बघायला डोकावली. टीचरबाई तिला तेलुगूत म्हणाल्या, ह्या माशांतल्या जाणकार आहेत, खास बोलावून घेतलं. शेजारणीनं लगेच माझा नंबर मागितला आणि मी एरवी काय करते, असं विचारलं.

"ब्लाऊज शिवते," मी सांगितलं.