पांढरीवरून जाताना

बोट अर्ध्या पाण्यात आली की सुखदेवभाऊ मोटर बंद करत, तिरपी करून पाण्याबाहेर उचलत आणि वल्हं मारायला लागत. थोडं पुढे गेलं की मोटर परत पाण्यात आणि परत तिची घरघर. त्या मधल्या वेळात बोटीत कुणी बोलत नसे. बिडी ओढणारा बिडी विझवून टाकी. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मांडीवर लशींचा डबा होता, आतला बर्फ पाणी होत चालला होता आणि वस्तीत बाया लेकरं घेऊन ताटकळल्या होत्या. मी खामगावची. पाण्याशी माझा संबंध नळापुरता, आणि आमच्या गल्लीत नळ तरी रोज कुठे येतो!

"भाऊ, काऊन बंद केली?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"खाली गाव हाय," ते म्हणाले, आणि वल्हं मारत राहिले.

मोताळ्याकडच्या एका धरणातली ही गोष्ट. सुखदेवभाऊंचं जुनं गाव त्या पाण्याखाली गेलं आणि माणसं वर माळावर नव्या वस्तीत आली. दवाखाना, बाजार, डांबरी रस्ता सगळं पलीकडच्या काठाला. सडकेनं गेलं तर मोठा वळसा, म्हणून मच्छी सोसायटीची बोट, आणि बोटीवर सुखदेवभाऊ. वस्तीतल्या उपकेंद्रात माझी बदली झाली आणि आठवड्यातून तीन-चारदा मी त्यांच्या समोर बसू लागले. समोर म्हणजे त्यांच्या पाठीसमोर. बोट चालवणारा माणूस पुढे पाहतो अशी माझी समजूत होती. हे सारखे मागे वळून मोटरकडे पाहत.

मोटरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यातून सतत पाण्याची धार पडते. नजर तिच्यावर. "मशीन खालून पाणी पेते आन इथून मुतते, सिस्टर. मुतणं थांबलं का समजा ताप चढला. तुमच्या लेकरायचं बी तसंच ना?" मला हसू आलं, पण आजारी लेकराच्या आईला मीही आधी तेच विचारते.

ताप चढला की मोटरमधला अलार्म वाजे. एकसुरी, लांबलचक, डोकं उठवणारा. बाकीचे कानांवर हात ठेवत, सुखदेवभाऊ मात्र शांत. मोटर थांबवायची, उचलायची, खालच्या जाळीत अडकलेलं शेवाळ किंवा गुटख्याची पुडी काढायची, भोकात तार घालून फिरवायची, आणि तरी धार आली नाही तर काठाला नेऊन आतला रबरी पंखा पाहायचा. "वाजते तवर भेव नाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "चूप झाली का मंग भ्यावं."

जुन्या गावावर मोटर उचलण्याचं कारणही त्यांनी असंच सरळ सांगितलं होतं. गावठाणाच्या जमिनीला आमच्याकडे पांढर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडून, परत बांधून झालेली ती माती पिठासारखी मऊ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोटरचा पंखा ती ढवळतो, मोटर तीच पिते आणि तापते. मला पटलं. पण श्रावणात, खाली चार पुरुष पाणी असताना, सुखदेवभाऊंनी मोटर उचललीच. मी म्हटलं, "आता कुठली माती, भाऊ?"

"सवय," ते म्हणाले.

खरं कारण कौसाबाईंनी सांगितलं. कौसाबाई म्हणजे सुखदेवभाऊंच्या घरच्या. मी रक्तदाब पाहायला त्यांच्याकडे जायची. ही बाई बोटीत कधी बसत नसे. भावाकडे जायचं तरी सगळा वळसा घालून एसटीनं जाई. मी त्यावरून त्यांना चिडवलं, की घरची बोट आणि तुम्ही तिकीट काढता. त्या हसल्या नाहीत.

"माही पोरगी हाय तिथं," त्या म्हणाल्या. "रांगत बी नव्हती. ताप आलता. रातभर रडली आन मंग चूप झाली. आमाले वाटलं, उतरला ताप, झोपली. आमी बी झोपलो." एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. ती गावाच्या कडेला, निंबाखाली पुरलेली. "गाव उठलं तवा देव आणले, दारं आणले, चौकटी आणल्या. पोरगी कशी आणाव?"

त्यानंतर मोटर उचलली गेली की मीही बोलेनाशी झाले.

मग तो मे महिन्यातला दिवस. दुपारची वेळ, पाणी अगदी उतरलेलं. वस्तीतल्या एका सुनेचं लेकरू तापानं फणफणलं, झटके आले. ओल्या फडक्यानं पुसत, कुशीवर धरून मी त्याला बोटीत घेतलं. पलीकडे गाडी बोलावली होती. जुनं गाव जवळ आलं तसं झटके थांबले आणि लेकरू माझ्या हातात लुळं पडलं. श्वास होता, आवाज नव्हता. सुखदेवभाऊंचा हात सवयीनं मोटरकडे गेला. वारा समोरून होता, वल्ह्यानं किती वेळ लागला असता देव जाणे.

"भाऊ, आज बंद करू नका," मी म्हटलं.

त्यांनी लेकराकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. त्या पांढरीवरून मोटर चालत गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पाणी ढवळून दुधासारखं झालं, धार बारीक होत तुटली आणि अलार्म सुरू झाला. मोटर जळू द्यायची नसेल तर थांबणं भागच होतं. त्यांनी ती बंद केली, नेमकी तिथेच. सगळं चूप झालं. मोटर चूप, लेकरू चूप. आई माझ्याकडे पाहत होती आणि मी लेकराच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते.

सुखदेवभाऊ ओणवे होऊन जाळीतला पांढरा चिखल ओंजळीनं काढत होते. हात कोपरापर्यंत भरले. तार घातली, फुंकर मारली, दोरी ओढली. मोटर लागली आणि अलार्म पुन्हा किंचाळला. त्या आवाजानं लेकरू दचकलं. तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं. आधी धार पांढरी आली, मग स्वच्छ. अलार्म थांबला, लेकरू रडतच राहिलं. "रडू द्या," सुखदेवभाऊ म्हणाले, "त्याले चूप करू नका." ते स्वतःही रडत होते.

लेकरू वाचलं. परतताना त्यांच्या हातांवर ती माती वाळून बसली होती. मी म्हटलं, धुवा. ते म्हणाले, घरी धुतो. घरी कौसाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि हात पाहून थबकल्या. मातीचा रंग त्यांना कुणी सांगायला नको होता. त्यांनी नवऱ्याला अंगणातल्या निंबाच्या रोपापाशी नेलं आणि सावकाश पाणी घालू लागल्या.

"सारी निघू द्या," त्या म्हणाल्या. "नखातली बी."

सुखदेवभाऊ गेले, त्यालाही आता दिवस झाले. सोसायटीनं नवी मोटर घेतली, लाल डबे बांधून खोल पाण्यातून वाट आखली. बोट आता पांढरीवरून जात नाही आणि अलार्मही वाजत नाही. कौसाबाई निंबाखाली बसलेल्या असतात. मी बोटीतून उतरून आले की विचारतात, "आज वाजली का, सिस्टर?"

"हाव," मी म्हणते.

"मंग? धार आली?"

"आली," मी सांगते.