शाळेची घंटा आणि चतुर्थीचा चंद्र

इंगळे गुरुजी गेल्याची बातमी आमच्या अमडापुरात एस.टी.च्या कंडक्टरनं आणली. बाजाराचा दिवस होता. माणसं हातातल्या पिशव्या खाली ठेवून उभी राहिली, आणि कांदे विकणारी एक बाई म्हणाली, "मंग आता चंद्राले गऱ्हान कवा लागते, थे कोन सांगन?" मला रडताना हसू आलं. गुरुजींनाही आलं असतं...

हायस्कुलात ते भूगोल शिकवत, पण त्यांचा जीव आभाळात. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की पायरीवर बसत, आणि येणारा-जाणारा काहीही विचारी. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गुरुजी, रोज चांदन्या तुटतात, मंग कमी काऊन होत नाहीत?" गुरुजी खूश! "तुटते थो खडा असते बाप्पा. चांदनी आपल्या जाग्यावरच राह्यते." "आन् आभाळ कुठं सरते?" "थे मलेबी नाही माहीत. तुम्हाले समजलं तं मले सांगजा." 'माहीत नाही' हे इतक्या आनंदानं सांगणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

आम्हा बायकांना ते हवे असत संकष्टीला. मी संकष्टी धरते ती अर्धी भक्तीनं, अर्धी सासूबाईंच्या धाकानं. त्यामुळे चंद्र कधी निघतो याची ओढ मला जरा जास्तच. पावसाळ्यात तर ढगांपुढे काही चालायचं नाही. मग गुरुजी हिशेब मांडत आणि वेळ झाली की शाळेची घंटा वाजवून ओरडत, "निंघाला होऽऽ!" की सगळी गल्ली पानावर. गुरुजी बौद्ध, त्यांना ना उपास ना चतुर्थी. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "बाई, मी उपास मानत नाही, पण भूक मानतो."

चंद्रावर माणूस उतरला त्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या गिरजाकाकूंनी संकष्टी सोडलीच नाही. रात्र गेली, दुसऱ्या दिवशीची दुपार कलली, तरी पोटात पाण्याचा थेंब नाही. सत्तरीची बाई, ओट्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. सून रडत जाऊन गुरुजींना घेऊन आली. गुरुजी नेहमीप्रमाणे खाली गल्लीतच उभे राहिले. काकू वेळ विचारायच्या ओट्यावरून, गुरुजी सांगायचे खालून. इतकी वर्षं असंच चाललं होतं, आणि का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं, मीही नाही.

"काकू, जेवत काऊन नाही?"

"कसी जेवू? त्या मानसानं बुटासकट पाय देला. चंद्र बाटला."

गुरुजींनी विचारलं, "काल थो निंघाला का नाही?"

"निंघाला."

"टायमावर?"

"हाव."

"मंग त्याले तं काई झालं नाही. थो आपल्या कामाले लागला. मानसाच्या पायानं काई बाटत नाही, काकू."

एवढंच. आवाज चढला नाही, चेहऱ्यावर हसूच होतं. काकू मात्र त्यांच्या पायांकडे पाहत राहिल्या. धुळीनं भरलेले पाय, झिजलेल्या चपला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, वर या." गुरुजी चपला काढायला वाकले.

"राहू द्या पायात," काकू म्हणाल्या. मग सुनेला हाक मारली, "दोन ताटं वाढ वं."

माझ्या डोळ्यांसमोर दोघं त्या ओट्यावर जेवले. पिठलं-भाकर होती. गुरुजींनी मिरचीचा ठेचा दोनदा मागून घेतला.

ते गेल्यानंतरची पहिली संकष्टी परवा झाली. आभाळ लख्ख होतं. चंद्र वर आला, सगळ्यांना दिसला, तरी एकीनंही ताट वाढायला घेतलं नाही. आम्ही आपापल्या ओट्यांवर घंटेची वाट पाहत बसून होतो. मला फार पोरकं वाटलं... तेवढ्यात आता ऐंशीला टेकलेल्या गिरजाकाकू उठल्या. पायात चपला सरकवल्या, काठी घेतली आणि कुणाला काही न सांगता शाळेच्या दिशेनं चालू लागल्या.

थोड्या वेळानं घंटा वाजली. पाठोपाठ त्यांचा थकलेला आवाज आला, "निंघाला होऽऽ! गुरुजी सांगून राह्यले, जेवून घ्या!"