हंटरच्या इंजिनावरचे काका

गिरगावातून भाईंदर पूर्वेला, केबिन रोडमागच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मी पस्तिशीचा होतो. फोर्टात नोकरी, आणि शाळेपासूनचा एकच नाद: लढाऊ विमानं. कात्रणांच्या चार वह्या भरल्या होत्या. तळमजल्यावरचे काका हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेत, एकाहत्तरच्या लढाईत हंटर विमानांच्या इंजिनांवर होते, असं कळलं आणि पहिल्याच रविवारी मी त्यांच्या दारात हजर झालो.

काका रत्नागिरीकडचे, एकटे, मोजकं बोलणारे. घरात गणवेशातला एकही फोटो नव्हता. पहिली शंका तिथंच आली. मी विचारलं, "काका, हंटरचं इंजिन बाहेर काढायचं तर आधी काय सोडवायचं?"

शेपटीकडचा अख्खा भाग सुटा करावा लागतो, हे मला वह्यांमुळे ठाऊक होतं.

"आता नाही आठवत," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

मग मी खोदतच राहिलो. दर भेटीत एक प्रश्न, दर वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर. पंधरा ऑगस्टला सोसायटीचा झेंडा काकांच्या हस्ते लावायचं घाटत होतं. सेक्रेटरी गुजराती. मला म्हणाले, "आपको प्लेन का मालूम है, जरा पूछ लो उनको."

"पूछा है. मुझे तो ये आदमी फौजी लगता ही नहीं," मी म्हणालो.

दोन दिवसांत ते बिल्डिंगभर झालं. झेंडा दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लावला. काका मागच्या रांगेत उभे होते.

दिवाळीच्या साफसफाईत मी आणि बायको गच्चीवर डबलबेडची चादर घडी करत होतो. वाऱ्यानं ती हाताला लागेना. कपडे काढायला आलेल्या काकांनी ती घेतली, फरशीवर पसरली, आणि प्रत्येक दुमडीतली हवा तळहातानं दाबत काढून अशी घडी घातली की आम्ही बघतच राहिलो.

"इंजिनवाल्यांना हेही शिकवतात?" मी खोचून विचारलं.

काका कठड्याशी बसले. "इंजिनावर नव्हतो मी. वैमानिकांची पॅराशूटं बांधायचो. अकरा वर्षं. प्रत्येकावर आपली सही करायची."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगितलं की लोक विचारतात, सगळी उघडली का? एक नाही उघडलं. हंटरला पक्षी धडकला, पोरगा फार खालून बाहेर पडला. चौकशीत म्हणाले, उंचीच नव्हती, तुझी चूक नाही. पण सही माझी होती. ती शेवटची घडी मी अजून आठवून बघतो. नीट बसली होती का, नाही सांगता येत."

बायको चादर छातीशी धरून उभी होती. मला मान वर करवेना.

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे गेलो. माझं चुकलं, ते खरंच हवाई दलात होते, एवढंच सांगितलं.

"पहले नहीं बोला, अब हाँ बोलते हो. कोई प्रूफ है?"

काकांकडे कागद मागायचं तोंड मला नव्हतं. पुढं सव्वीस जानेवारीला मी झेंड्यासाठी त्यांचं नाव सुचवलं, तर त्यांनी स्वतःच नको म्हटलं.

दोनेक वर्षांनी ते भावाकडे रत्नागिरीला कायमचे निघाले. टेम्पोत सामान चढवायला मी होतो. टेम्पो वळल्यावर शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "शेवटपर्यंत कळलंच नाही हो, खरं काय ते."

"खरंच हवाई दलातले होते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडेच संशयानं पाहिलं आणि दार लावून घेतलं.