वाडी भरून होऊ दे...

रेखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चांदूर रेल्वे गावात एका पोटुशीला वजनकाट्यावर उभं केलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यातून आमच्या यांचा आवाज आला, "रेखा गेली," आणि पुढे नुसते हुंदके. मी त्या बाईचं वजन वहीत लिहिलं, तेही चुकीचं. दीड महिना झाला, लोक अजून दारात येऊन सांगतात, तिची दोरीच तेवढी होती. कसली दोरी! मी आशा कार्यकर्ती आहे, मला नका सांगू.

रेखा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नववीत होती. मोगरा खुडताना तिची टकळी अखंड चालायची. पुढे मी आशाचं काम धरलं, तर चारचौघींत ओरडायची, "वहिनी आली वो, नखं दाखवा!" तिला अकोल्याला दिली, जुन्या शहरात. दीड खोलीचं घर, नवरा दिवसभर कामावर, आणि सहा महिने खोकणाऱ्या सासूचं सगळं हीच करायची. सासूला क्षयरोग होता, गोळ्या तिने अर्ध्यावर सोडल्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सातव्या महिन्यात रेखा माहेरी आली ती खोकतच. वजन वाढायचं सोडून उतरलेलं, संध्याकाळी अंग गरम. "काहून लपवून राहिली?" म्हटलं, तर म्हणाली, "पोटुशीले होते असं, वहिनी." दोन आठवडे खोकला राहिला की थुंकी तपासा, हे मी गावभर घसा फोडून सांगते... आणि घरात? आमचा धंदा फुलांचा. आमच्याकडे डोहाळजेवणाला लेकीची वाडी भरायची म्हणजे वेणीपासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळे दागिने घरच्या फुलांचे, आणि मांडवभर बायका. माझ्या सासूबाईंनी, रेखाच्या आईनं, माझा हात धरला. "पाय बाई, आता या रोगाचं नाव निंगालं तं एक बाई ओटी भराले येनार नाही. वाडी भरून होऊ दे, मंग तपास." मी भांडायला हवं होतं. मी मान हलवली. खरं सांगते, लोकांची भीती मलाही वाटली. त्यात तीन आठवडे गेले.

वाडीच्या दुसऱ्या दिवशी थुंकी दिली. क्षयच निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण तोवर फुप्फुसं पोखरली होती. आठव्यातच कळा आल्या, अमरावतीला मुलगी झाली, एवढीशी. रेखाने तिला लांबूनच पाहिलं. तोंडावर पदर गच्च धरून मला विचारलं, "हिले तं नाही ना लागलं?" "नाही गं," मी म्हटलं. माफी मागायला तोंड उघडलं होतं... पण तिचा डोळा लागला, आणि उद्या बोलू म्हणून मी निघून आले.

मुलगी आता आमच्याकडे आहे. तिला क्षय होऊ नये म्हणून रोज सकाळी औषध पाजते, थुंकते मेली निम्मं. समोर भिंतीवर रेखाचा वाडीतला फोटो लावलाय, दुसरा चांगला फोटो नव्हताच. येणारी प्रत्येक बाई म्हणते, काय रूप आलं होतं पोरीला! त्या दिवशी तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. ती कुणाला दिसू नयेत म्हणून तो गळाभर हार मीच दुहेरी ओवला होता.